पॅनिक अटॅकमध्ये 'मोठा श्वास घे' नको, आधी श्वास सोडा

आत्ता हे वाचताना अटॅक चालू असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि एवढंच करा. ओठांचा चंबू करून हळूच फुंकर मारत श्वास बाहेर सोडा, होईल तितका लांब. सोडून झाला की क्षणभर थांबा. मग तोंड बंद ठेवून नाकाने जेवढा आपोआप आत येईल तेवढाच येऊ द्या, मुद्दाम ओढू नका. परत फुंकर. खांदे वर चढले असतील ते खाली सोडा, पाय जमिनीला टेकवा. असं दहा-बारा वेळा करा, पुढचं नंतर वाचलं तरी चालेल.

झालं? आता नीट बोलू. कुणाला पॅनिक अटॅक आला की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, "मोठा श्वास घे, दीर्घ श्वास घे". सांगणाऱ्याला आपली काळजीच असते, पण या सल्ल्याने बऱ्याच जणांचा अटॅक कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. माझाही वाढायचा, आणि का वाढतो हे एका डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं तेव्हा निम्मी भीती तिथेच गेली, म्हणून मी पण आधी तेच सांगते आणि मग टेक्निककडे वळते.

भीतीचा झटका आला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छातीत धडधडायला लागतं, आणि श्वास भराभर आणि छातीच्या वरच्या भागातून चालू होतो. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो, अटॅकमध्ये हा आकडा कितीतरी पुढे जातो. खरंच पळत असतो तर तेवढा श्वास लागलाच असता, पण आपण बसलेलो असतो ऑफिसच्या खुर्चीत नाहीतर रिक्षात. मग शरीरात जेवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतोय त्याहून जास्त बाहेर फेकला जातो. रक्तात तो ठरावीक प्रमाणात असावाच लागतो, कमी झाला की रक्त जरा अल्कलाइन होतं, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं, डोकं हलकं होतं, समोरचं सगळं स्वप्नात असल्यासारखं लांब लांब वाटतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम पण कमी होतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, काहींची तर बोटं आखडून वाकडी होतात आणि मग घरचे घाबरतात की लकवा मारला की काय.

आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे हे सगळं चालू असताना वाटतं काय, तर श्वास पुरत नाहीये. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडला असेल तर अटॅकमध्ये बोटाला लावून बघा, बहुतेक वेळा 98 नाहीतर 99 दाखवतो. म्हणजे ऑक्सिजन भरपूर आहे. अशा वेळी आणखी मोठमोठे श्वास घेतले की उरलासुरला कार्बन डायऑक्साइड पण जातो आणि मुंग्या, चक्कर, धडधड सगळंच वाढतं. ते वाढलं की मनात येतं की आता नक्की काहीतरी होणार, मग भीती अजून वाढते, मग श्वास अजून जोरात. ब्रिटिश सायकॉलॉजिस्ट डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली हेच चक्र मांडलं होतं, की शरीरातल्या साध्या बदलाचा आपण 'मरतोय' असा अर्थ लावतो आणि त्या अर्थानेच तो बदल अजून भडकतो. या चक्रात हृदयाचे ठोके थेट आपल्या हातात नाहीत, घाम नाही, चक्कर नाही. श्वास तेवढा आहे. तिथे हात घालायचा.

पण त्याच्या आधी एक गोष्ट, आणि ही वगळू नका. पहिल्यांदाच असं होत असेल, छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखा दाब असेल, दुखणं डाव्या हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जात असेल, जिना चढताना किंवा काम करताना सुरू झालं असेल, चाळिशी ओलांडली असेल, शुगर किंवा बीपी असेल, तर घरी बसून श्वास मोजायचे नाहीत. 108 ला फोन करायचा नाहीतर कुणालातरी घेऊन सरळ हॉस्पिटल गाठायचं, ईसीजी काढायचा. नॉर्मल निघाला तर उत्तमच, पैसे वाया गेले असं मानू नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर हे पण एकदा तपासून घ्या कारण यातलं काही बिघडलं तरी धडधड आणि घाबरल्यासारखं होतं. दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांनी दिलेला पंप आधी घ्यायचा, फुंकर नंतर. एकदा डॉक्टरांनी सांगितलं की हे पॅनिकच आहे, की मग पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आता मुख्य टेक्निक. हे अटॅकमध्ये शिकायचं नसतं, बरं वाटत असताना शिकायचं असतं, आणि इथेच बहुतेक जणांचं चुकतं. अटॅक आला की यूट्यूब उघडतात, तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं, जमत नाही, मग म्हणतात श्वासाने काही होत नाही. तर पहिले दोन-तीन आठवडे अटॅकचा विचारही न करता फक्त सराव करा.

उताणे झोपा, गुडघे वाकवून. बेंबीवर आमटीची रिकामी वाटी ठेवा आणि एक हात छातीवर. नाकाने श्वास घेताना वाटी वर यायला हवी आणि छातीवरचा हात जवळजवळ हलायला नको. सुरुवातीला उलटं होईल, छातीच वर येईल, वर्षानुवर्षांची सवय असते. जबरदस्तीने पोट फुगवू नका, ते नुसतं सैल सोडा, वाटी आपोआप वर येते. वाटी डुगडुगून पडली तर समजा जोर लावताय. श्वास एवढा लहान आणि एवढा हलका हवा की शेजारी झोपलेल्या माणसाला त्याचा आवाज येऊ नये. हे जमलं की मोजणं चालू करा, मनात चार आकडे म्हणेपर्यंत आत, सहा आकडे म्हणेपर्यंत बाहेर. एक श्वास साधारण दहा सेकंदांचा झाला, म्हणजे मिनिटाला सहा. चार-सहा जड जात असेल तर तीन आणि पाच करा, तेही जड असेल तर दोन आणि चार. आकड्यांना महत्त्व नाही, बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब असणं याला महत्त्व आहे.

बाहेर सोडताना फुंकर कशी मारायची, तर बशीतला गरम चहा निवताना मारतो तशी, पण चहावर नुसती लहर उठेल आणि बशीबाहेर थेंबही उडणार नाही इतकी हळू. हे मला सगळ्यात कामाचं वाटतं कारण फुंकर मारताना घाई करताच येत नाही, ओठच वेग धरून ठेवतात.

लांब सोडण्यावर एवढा जोर का, हे मनगटावर बोट ठेवून स्वतःच बघा. अंगठ्याच्या खाली नाडी सापडली की चार-सहाच्या लयीत श्वास चालू ठेवा आणि ठोक्यांकडे लक्ष द्या. आत घेताना ठोके थोडे जवळ जवळ येतात, सोडताना लांबतात. सगळ्यांना हाताला कळेल असं नाही, पण तरुण माणसांना बऱ्यापैकी कळतं. श्वास सोडताना व्हेगस नावाची नर्व्ह हृदयाला ब्रेक लावते, त्यामुळे श्वासाचा सोडण्याचा भाग जितका लांब तितका ब्रेक जास्त वेळ दाबलेला राहतो. ज्या हृदयाची आपल्याला एवढी भीती वाटते त्याच्यावर आपला थोडासा का होईना ताबा चालतो हे बोटांना कळणं फार मोठी गोष्ट आहे, मी तर म्हणेन पहिल्याच आठवड्यात हे करून बघाच.

सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं आणि रात्री अंथरुणात पाच मिनिटं, एवढं पुरे. मग हळूहळू बसून, मग उभ्याने, मग चालताना, मग सिग्नलला गाडी थांबलेली असताना. कारण अटॅक काही आपण उताणे झोपलेले असताना वाट बघून येत नाही (रात्री झोपेतून दचकून येणारे असतात खरे, त्यात उठून बसा, दिवा लावा आणि फुंकर चालू करा).

काही जणांचं वेगळं असतं, श्वासाकडे लक्ष दिलं की त्यांना जास्तच घाबरायला होतं. तुम्ही त्यातले असाल तर तुमच्यात काही बिघडलेलं नाही, असे पुष्कळ लोक आहेत. त्यांनी डोळे मिटू नयेत, मोजू नये, आणि आवाजाचा आधार घ्यावा. भ्रामरी करा, ओठ मिटून 'म्ममम' असा गुंजारव, तो चालू असेपर्यंत श्वास आपोआप हळू बाहेर जातो. किंवा लहानपणापासून तोंडपाठ असलेलं कुठलंही स्तोत्र, अभंग, संथ चालीत, एका श्वासात एक ओळ. हे मी भाबडेपणाने सांगत नाहीये. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा अभ्यास आला होता, त्यात लोकांना लॅटिनमधली माळेवरची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' म्हणायला लावलं होतं आणि दोन्हीत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन ठेपला. आपल्या आज्या संध्याकाळी दिवा लावून जे म्हणत बसायच्या त्याची लय पण काहीशी अशीच असते. देवाधर्माचं नको असेल तर आवडतं संथ गाणं गुणगुणा, काम तेच होतं.

बाकी टेक्निकबद्दल थोडक्यात. चार-चार-चार-चारची बॉक्स ब्रीदिंग, म्हणजे चार घ्या, चार धरा, चार सोडा, चार थांबा, ही इंटरव्ह्यूच्या किंवा मीटिंगच्या आधी मस्त आहे, ऐन अटॅकमध्ये मला नाही पटत. चार-सात-आठवाली, म्हणजे चार घ्या, सात धरा, आठ सोडा, झोपेसाठी चांगली, पण सात आकडे श्वास धरून ठेवणं हे घाबरलेल्या माणसाला गुदमरल्यासारखं होऊ शकतं. गरोदर असाल, बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर श्वास धरून ठेवायचे सगळेच प्रकार टाळा, योगवर्गातलं कुंभक पण, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अजून एक प्रकार सध्या गाजतोय, नाकाने एक श्वास, तो पूर्ण व्हायच्या आत त्याच्यावर अजून एक छोटा घोट, आणि मग तोंडाने लांब सोडायचा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी 2023 मध्ये यावर अभ्यास छापला, रोज पाच मिनिटं असं महिनाभर केलेल्यांचा मूड सुधारला आणि त्यांचा एरवीचा श्वासाचा वेगही कमी झाला. हा रोजच्या टेन्शनसाठी घ्या, पण अटॅक चढत असताना आणि हाताला मुंग्या येत असताना नको, तेव्हा साधी फुंकरच बरी.

प्राणायाम करणाऱ्यांना एक सांगणं आहे. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी चालू ठेवा, चांगलंच आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये तर स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून श्वासावर प्रयोगशाळेत काम सुरू केलं होतं, हा विषय आपल्याकडे नवा नाही. पण कपालभाती आणि भस्त्रिका हे जोराचे, भराभर करायचे प्रकार आहेत, ज्यांना पॅनिकचा त्रास चालू आहे त्यांना त्यातूनच मुंग्या, गरगर सुरू होऊन अटॅक येऊ शकतो. सकाळी बागेत सगळे करतायत म्हणून आपण पण करू असं नको, त्रास आटोक्यात येईपर्यंत थांबा. आणि ती सिनेमात दिसणारी कागदी पिशवी तोंडाला लावायची पद्धत, ती आता डॉक्टर सांगत नाहीत. त्रास खरंच हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर पिशवीमुळे ऑक्सिजन कमी पडून जिवावर बेतू शकतं.

आता जरा त्या अडकलेल्या श्वासाबद्दल बोलते, कारण याच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि पॅनिकवाल्या माणसाचा निम्मा दिवस त्यात जातो. अटॅक नसतानाही सारखं वाटत राहतं की श्वास पूर्ण भरत नाहीये, वरच्या वरच अडकतोय. मग माणूस मुद्दाम जांभई देतो, उसासा टाकतो, छाती ताणून एक खोल श्वास ओढतो, एखाद्या वेळी तो 'बसतो' आणि हायसं वाटतं, पाच मिनिटांनी परत तेच. दिवसभर असे ओढून घेतलेले श्वास कार्बन डायऑक्साइड कमीच ठेवतात आणि शरीर अटॅकच्या काठावर उभं राहतं. याच्यावर उपाय ऐकायला अवघड वाटतो पण काम करतो. तो खोल श्वास घ्यायची ओढ लागली की घ्यायचा नाही. एक आवंढा गिळा, दोन-तीन छोटे श्वास नाकाने, लांब फुंकर, आणि ती ओढ तशीच राहू द्या. पहिल्यांदा अस्वस्थ होईल, एक-दोन मिनिटं वाईट जातील, मग ती ओढ आपणहून मागे सरते. आठवड्याभरात ओढ लागायचं प्रमाणच कमी होतं असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि माझाही अनुभव तोच आहे. लॅपटॉपसमोर काम करताना श्वास रोखून धरायची सवय पण बघा, मेल टाइप करताना श्वास थांबलेला असतो आणि सेंड केल्यावर मोठा उसासा, हे दिवसातून शंभरदा होतं.

गर्दीत अटॅक आला तर? समजा सकाळची फास्ट लोकल आहे, हात वर करायला जागा नाही, पुढचं स्टेशन लांब आहे आणि पोटात तो ओळखीचा खड्डा पडला. तिथे चंबू करून फुंकर मारणं अवघड वाटतं, समोर कुणाचातरी चेहरा असतो. तोंड बंद ठेवा, नाकानेच सोडा, आणि सोडताना मनात 'विठ्ठल' किंवा आईचं नाव किंवा काहीही लांबवून म्हणा, विऽऽठ्ठऽऽल. वरची कडी धरली असेल तर श्वास घेताना मूठ जरा आवळा, सोडताना सैल करा. नजर एका जागी ठेवा, पंख्यावर, जाहिरातीवर. आणि स्वतःला सांगा की हे चढणार, दहाएक मिनिटांत टोकाला जाणार आणि उतरणार, कारण पॅनिक अटॅक असाच चालतो, अ‍ॅड्रेनलिन तासन्‌तास त्याच जोराने सुटत राहू शकत नाही. चक्कर येऊन पडेन ही भीती सगळ्यांना असते, पण बेशुद्ध पडायला बीपी एकदम खाली यावं लागतं आणि पॅनिकमध्ये तो उलट थोडा वाढतो, म्हणून पॅनिकमध्ये खरंच पडणारे फार थोडे.

जमलं तर उतरू नका. उतरलात तर लगेच बरं वाटेल हे मान्य, पण मेंदू शिकेल की उतरलो म्हणून वाचलो, आणि उद्या प्लॅटफॉर्मवरच घाम फुटेल. ट्रेनमध्ये असतानाच अटॅक ओसरू दिलात तर मेंदू दुसरं शिकतो. ज्या दिवशी अगदीच नाही जमलं त्या दिवशी उतरा, बाकावर बसा, फुंकर मारा, आणि पुढची गाडी पकडा, घरी परत जाऊ नका.

याच कारणासाठी श्वासाला ताईत पण बनवू नका. 'मी श्वास नीट घेतला नसता तर मेलो असतो' असं वाटायला लागलं तर ती भीतीच नवीन कपडे घालून आली. श्वास नाही घेतला नीट, मोजायचं विसरलात, तरी अटॅक उतरणारच असतो. श्वासाने तो लवकर उतरतो आणि आपण त्याला खतपाणी घालत नाही, एवढंच त्याचं काम.

अटॅक वारंवार येत असतील, पुढच्या अटॅकच्या भीतीने बाहेर जाणं, लिफ्ट, प्रवास, लग्नकार्य टाळायला लागला असाल, तर एकट्याने झुंजत बसू नका. सीबीटी नावाची थेरपी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी) पॅनिकसाठी खूप चांगली मानली जाते आणि गरज असेल तर सायकिअ‍ॅट्रिस्ट गोळ्या देतात, त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पैशाचा किंवा अंतराचा प्रश्न असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटतंय असे विचार येत असतील तर आजच फोन करा, आणि जवळच्या एका माणसाला सांगा. चहा-कॉफी जास्त होत असेल तर कमी करून बघा, उपाशी पोटी कॉफी तर नकोच, आणि रात्रीचं जागरण सलग झालं की अटॅक जवळ येतात हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

शेवटचं, जे शेजारी असतात त्यांच्यासाठी. मुलीला, नवऱ्याला, मैत्रिणीला अटॅक आला तर "काही नाही झालंय तुला" म्हणू नका, तिला खूप काही होतंय. "मोठा श्वास घे" पण नको. गर्दी बाजूला करा, समोर तिच्या पातळीला बसा, आणि तुम्ही स्वतः हळू फुंकर मारायला लागा, तिला ऐकू येईल अशी. सूचना देण्यापेक्षा हे जास्त चालतं, माणूस समोरच्याची लय आपोआप पकडतो. "माझ्याबरोबर सोड" एवढंच म्हणा. पाठीवर हात ठेवायच्या आधी विचारा, काहींना त्या वेळी स्पर्श नको असतो. घड्याळावर लक्ष ठेवा, अर्धा-पाऊण तास होऊनही उतरत नसेल किंवा वर सांगितलेली हृदयाची लक्षणं दिसली तर हॉस्पिटल. उतरल्यावर ती थकलेली असेल, थंडी वाजेल, रडू येईल, तेव्हा पाणी द्या, काहीतरी खायला द्या, आणि "कशामुळे झालं" ही चौकशी उद्यावर ढकला.